बरणीतला वाटेकरी

वनमालाकाकूंकडे दुपारचं कुणीतरी येतं, ही बातमी आमच्या पंतनगरच्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा फोडली शकुमावशींनी. शकुमावशी तळमजल्यावर कुजबुजल्या की दुसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येतं.

"मी कुणाच्या अध्यात ना मध्यात," त्या म्हणाल्या, "पण कानावर पडलं ते सांगते. नवरा साकीनाक्याला कामावर. दार लोटलेलं. आणि आतून काय, तर 'ऊठ ना रे राजा, किती झोपशील? सकाळपासून ताटकळलेय मी तुझ्यासाठी.' आता मला सांगा, श्यामभाऊंना कधी राजा म्हटलेलं ऐकलंय का कुणी ह्या बाईने?"

कुणीच ऐकलं नव्हतं. श्यामभाऊंनी तर नाहीच नाही.

खरी गोष्ट इतकीच, की कोणी येत-बित नव्हतं. जो होता तो राहायलाच आला होता. स्वयंपाकघरात, फळीच्या कोपऱ्यात, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून. गव्हाचं पीठ आणि पाणी, आंबलेलं. चंपा कोळीण ट्रॉम्ब्याहून मासळी घेऊन यायची. तिच्या गल्लीतली एक म्हातारी बाजारचं यीस्ट न घालता घरीच पाव भाजायची. दर खेपेचं थोडं पीठ ती पुढच्या खेपेसाठी राखून ठेवायची, जसं आपण दह्याचं विरजण ठेवतो तसं. त्यातलंच वाटीभर चंपाने काकूंना आणून दिलं आणि बजावलं, "याला रोज खायला घाल गो बाय. उपाशी ठेवू नको." ट्रॉम्ब्याहून आलेलं पीठ आपोआप फुगतं म्हटल्यावर बिल्डिंगमधल्या काही हुशार लोकांनी अणुशक्तीचाही संबंध लावून पाहिला, पण शकुमावशींच्या बातमीपुढे तो टिकला नाही.

श्यामकाकांच्या कानावर ही बातमी शकुमावशींनी स्वतः घातली. "भाऊ, एकदा दुपारचे घरी येऊन बघा. एवढंच म्हणते. जास्त काही म्हणत नाही." मग अर्धा तास जास्त म्हणाल्या.

काका दुसऱ्याच दिवशी अर्ध्या पाळीत कारखान्यातून निघाले. चपला हातात घेऊन जिना चढले. दार खरंच लोटलेलं होतं आणि आतून काकूंचा आवाज येत होता, साखर घातल्यासारखा: "आज काय झालं रे? रुसलास? कालपासून एक बुडबुडा नाही दाखवलास मला." काकांनी जेवणाचा डबा दगडासारखा उगारला आणि खांद्याने दार ढकललं.

काकू पाटावर एकट्याच बसल्या होत्या. मांडीत बरणी. बरणीला कान.

"अहो, लवकर आलात?" त्या म्हणाल्या. "हळू बोला जरा. आत्ता कुठे वर यायला लागलाय."

श्यामकाकांचा जीव भांड्यात पडला. चहा उकळेपर्यंत तो तिथेच होता. मग चहा गाळताना काकू पुन्हा बरणीकडे वळून बघायला लागल्या, कपातला चहा बशीत, बशीतला ओट्यावर, आणि काकांना उमगलं की हे काही बरं झालेलं नाही. माणूस असता तर परवडलं असतं. माणसाची कॉलर धरता येते. चार लोकांत त्याला जाब विचारता येतो. पिठाचं काय धरायचं? बाईच्या संसारात दुसरी आली तर तिला सवत म्हणतात. बाप्याच्या संसारात असं कोणी घुसलं तर त्याला साधं नावसुद्धा नाही.

तेव्हापासून श्यामकाका त्या बरणीवर जळायला लागले, ते आमच्या भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं.

श्यामसुंदर कोयंडे म्हणजे काही तापट माणूस नव्हे. देवगडहून मिसरूड फुटायच्या आत मुंबईत आले, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. गाववाल्यांच्या एका खोलीत पंधराजण पाळीपाळीने झोपायचे. लग्न झालं तरी काकू गावाला, काका इथे. वर्षातून एकदा, मे महिन्यात, काका रजा घेऊन गावी जायचे. संध्याकाळी अंगणात माचावर बसायचे, काकू फणस फोडायच्या, आणि काका त्यांना गिरणीतल्या गमती सांगायचे. किती वर्षं त्यांचा सगळा संसार म्हणजे तो एक मे महिनाच. पुढे पंतनगरची खोली मिळाली, काकू मुंबईला आल्या, प्रेमा झाली, शाळेत गेली. संप झाला, गिरणी बुडाली, काका साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात फिटर म्हणून चिकटले. एवढं सगळं झालं, पण मे महिना चुकला नाही. कारखान्यात ते हिंदी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि बायकोशी मालवणी. रागावले की तिन्ही भाषा सोडून नुसते नाकातून हुंकार द्यायचे, कुकरची शिटी होता होता राहिल्यासारखे.

आणि आता हुंकारच हुंकार. थंडीत काकूंनी काकांचा गिरणीच्या दिवसांतला मफलर बरणीला गुंडाळला. हुंकार. काकांना अंघोळीला नळाचं पाणी, बरणीला मात्र कोमट.

"पिठाक कोमट पाणी, आणि माका नळाचां?"

"त्याला गार सोसत नाही हो."

"माका सोसता?"

"तुम्ही काय, फुगायचं थोडंच आहे तुम्हाला?"

रविवारी पाव व्हायचा. काकूंकडे ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काच असलेला, केक आणि नानकटाईसाठी घेतलेला. त्यात त्या कणकेचा गोळा ठेवायच्या आणि काचेला नाक लावून बसायच्या. नेमकी टीव्हीवर सिरियल लागलेली असताना फ्यूज उडायचा. अख्ख्या मजल्यावर अंधार, सगळीकडून आरडाओरडा, आणि काका स्टुलावर चढून फ्यूजला तार घालतायत. पाव निघायचा तो खालून काळा, वरून टणक, आत जरा गिच्च, आणि इतका आंबट की डोळा बारीक व्हावा. काकू म्हणायच्या, झकास झालाय. काका मुद्दाम खाली जाऊन इराण्याकडून लादीपाव आणायचे आणि बायकोसमोर बसून चहात बुडवून खायचे, आवाज करत.

इथपर्यंत सगळं चाललं असतं. पण फेब्रुवारी संपता संपता काकांनी विषय काढला. प्रेमाचं लग्न डिसेंबरात उरकलं होतं. म्हणजे कित्येक वर्षांनी ह्या मे महिन्यात देवगडला दोघंच असणार होती. काकांचे भाऊ, धोंडूभावोजी, गावच्या घरी वाट बघत होते, माच नवीन विणून घेतला होता. काकांनी हे सगळं मनात किती घोळवलं होतं ते त्यांच्या स्वरावरून कळत होतं. फार सहज आवाजात विचारलं त्यांनी.

"बुकिंग करून टाकतंय गो. नेहरूनगरच्या एष्टी डेपोत गर्दी होता मगे."

"ह्या वर्षी तुम्ही जाऊन या," काकू म्हणाल्या. "मला नाही जमायचं."

"कित्या?"

"याला कोण घालील खायला?"

मी हुंकाराची वाट बघत होते. पलीकडून आवाज आला. हुंकार नाही. नीट शब्द. "माका कधी इचारलंस, जेवलास काय म्हणान?"

"रोज ताट वाढते ते कुणाला?"

"वाढतंस. इचारणंस नाय."

त्यानंतर काकांनी बरणीचा काटा काढायचं ठरवलं. सरळ मोरीत ओतून टाकायची त्यांची हिंमत नव्हती. तसं केलं असतं तर काकू मे महिनाच काय, दिवाळीपर्यंत बोलल्या नसत्या. काम असं व्हायला हवं होतं की पीठ आपसूक मेलं पाहिजे आणि ह्यांच्या हाताला काही लागता कामा नये.

रस्ता दाखवला दुसऱ्या मजल्यावरच्या सुनंदाताईंनी, नकळत. सुनंदाताई मंत्रालयात नोकरीला, नवरा बँकेत, शब्द लांबवत बोलणं. "हो"ला तीन मात्रा. त्या कितीदा काकूंकडे पावाचं विरजण मागायला आल्या होत्या, आणि काकू दरवेळी म्हणायच्या, "अजून लहान आहे हो तो." कुणालाही एक चमचा दिला नव्हता. त्या दिवशी काकू भजनाला गेल्या होत्या. दिवेलागण झाली होती, काकांनी नुकतीच देवापुढे उदबत्ती लावली होती, आणि दारात सुनंदाताई वाटी घेऊन उभ्या.

"वहिनी नाहीत का होऽ? मला बाई ऑफिसातून यायला हा असा उशीर होतो. आता दिवे लागल्यावर विरजण मागू नये म्हणतात, उद्या येते."

काका जागच्या जागी उभे राहिले. त्यांना त्यांची आई आठवली. तिन्हीसांजेला शेजारीण दह्याला विरजण मागायला आली की आवस दारातूनच परत पाठवायची. दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर गेलं की त्याच्याबरोबर घरातली बरकत जाते, मागचं दही लागत नाही, नासतं. आईचा एक शब्द कधी खोटा पडल्याचं काकांना आठवत नव्हतं.

"कशाक उद्या?" ते म्हणाले. "आजच न्या."

आणि त्यांनी निम्मी बरणी सुनंदाताईंच्या वाटीत उपडी केली. वाटी पुरली नाही तेव्हा आपला पाण्याचा तांब्या दिला. मग काकूंना कळू नये म्हणून उरलेल्यात कणीक आणि पाणी घालून, डावाने ढवळून, होती त्या खुणेपर्यंत बरणी भरून ठेवली, फडकं बांधलं, आणि देवापुढे हात जोडून म्हणाले, "सकाळपर्यंत काय ता कर."

सकाळी काकूंची किंचाळी ऐकून मी भिंतीला कान लावला.

"अहोऽ, इकडे या, इकडे या! बघा तरी!"

बरणीतलं पीठ फडकं वर उचलून बाहेर येऊन फळीवर सांडलं होतं. नुसते बुडबुडे. काका बघत राहिले. त्यांना हे माहीत असायचं कारणच नव्हतं, की रविवारच्या पावापुरतं चमचाभर सोडलं तर काकू त्यातलं थेंबभर बाहेर जाऊ देत नव्हत्या म्हणूनच ते आंबून आंबून सुस्तावलं होतं. निम्मं काढून ताजं पीठ घातल्यावर त्याच्यात प्राण आला होता. त्या रविवारचा पाव टपोरा झाला, आतून जाळीदार, आंबटपणा जिभेच्या टोकाला लागेल इतकाच. काकू बरणीला म्हणाल्या, "शहाणा गं माझा राजा तो." काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

एकदा दिल्याने भागलं नाही, असं त्यांना वाटलं. बरकत मोठी असेल, तिला जायला वेळ लागत असेल. मग काकू भजनाला गेल्या की हे दिवे लागायची वाट बघत बसायचे. दिवा लागला की दार उघडं. सुनंदाताईंनी शेजारच्या कुंदाला सांगितलं, कुंदाने समोरच्या बिल्डिंगमधल्या जानकीबाईंना सांगितलं, आणि बायका वाट्या घेऊन यायला लागल्या. काका डावाने विरजण वाढायचे. मागे ताजं पीठ घालायचे. दुसऱ्या दिवशी पीठ अधिकच मस्तवाल होऊन वर यायचं, आणि ते पुन्हा जळफळायचे आणि संध्याकाळी आणखी द्यायचे.

होता होता बायका नुसतं विरजण घेऊन जाईनाशा झाल्या. त्या विचारायला लागल्या.

"भाऊ, माझं वरच येत नाही."

"खंय ठेवलंस? पंख्याखाली? मगे कसां येतला? वारो लागता तेका."

"आणि पीठ किती घट्ट?"

फिटर माणूस. एकदा हाताला काम लागलं की त्याच्यात डोकं घातल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी स्वतःचा कान धरून दाखवला. "ह्या पाळीसारखा. दाबून बघ तुझी." मग सगळ्या बायकांनी आपापले कान दाबून बघितले आणि हसल्या, आणि श्यामकाकाही हसले. गिरणी बंद पडल्यापासून त्यांच्याकडे कुणी काही विचारायला आलं नव्हतं. मी दारातून बघत होते. बरणीचा जीव घ्यायला बसलेला माणूस तिच्यावर व्याख्यान देत होता.

आणि त्याच संध्याकाळी काकूंचं भजन लवकर आटोपलं.

जिन्यात त्या उभ्या राहिल्या तेव्हा दारात सुनंदाताई, कुंदा, जानकीबाई, तिघी एका हातात वाटी, दुसऱ्या हातात आपापला कान धरून. आत काका, बनियनवर, कोपरापर्यंत पीठ. सुनंदाताई म्हणत होत्या, "काही म्हणा भावोजी, तुमच्या हाताला गुण आहे होऽ. वहिनींच्या हातचा असा नव्हता कधी."

पहिल्यांदा काकूंना बघितलं ते जानकीबाईंनी. वाटी पदराखाली घेऊन त्या जिना उतरून गेल्या. मागोमाग बाकीच्या.

"दिवे लागल्यावर विरजण देताय?" काकूंचा आवाज एकदम हळू.

"होय."

"कधीपासून?"

काकांनी काही खोटं रचलं नाही. सुचलंच नसावं. "मरांदे म्हणान दिलंय," ते म्हणाले. "तुझो राजा. आवस म्हणायची, दिवे लागल्यार दिला की मरता. मेला नाय."

मला वाटलं आता भांडी उडणार. काकू बरणीजवळ गेल्या, फडकं उचलून आत पाहिलं, परत बांधलं. मग त्या वळल्या आणि ज्या मालवणीत त्या फक्त माहेरच्या माणसांशी बोलायच्या त्या मालवणीत कडाडल्या, "मारूचा होता तर माका सांगूचा होता. ह्या सटव्यांक घरात कित्या घेतलास? आणि कान कसले दाबून दाखवतास रे तेंका?"

नवऱ्याला "रे"! श्यामकाका इतके गोंधळले की हुंकारसुद्धा विसरले.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी भजन सोडलं. दिवेलागणीला दारात स्वतः पाट टाकून बसायच्या, डाव हातात, जसा काही सोटा. बायका यायच्या, पण काकूंनी वाढलेलं विरजण घेऊनही मान लांब करून आत बघायच्या. "भाऊ नाहीत का?" "जरा विचारायचं होतं." कुंदा तर सरळ म्हणाली, "काकू, तुम्ही नका सांगू, तुम्ही नुसत्या झकास-झकास करता. श्यामभाऊ नीट सांगतात." काकूंनी तिला दिलेलं विरजण वाटीतून परत काढून घेतलं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि श्यामकाका! ज्या माणसावर आयुष्यात कुणी जळलं नाही, त्याच्यावर ऐन साठीच्या उंबरठ्यावर बायको जळायला लागली. त्यांनी केसांना तेल लावायला सुरुवात केली. बनियनवर शर्ट चढला. दारात येऊन ते उगीच खोकायचे, खालून कुणी हाक मारतंय का बघायला.

माझी परीक्षा संपली तेव्हा मी त्यांना म्हटलं, "काका, कितीही नटा, काकू काही बरणी सोडून देवगडला यायच्या नाहीत."

"येतली," काका म्हणाले.

"तुम्ही हातापाया पडलात तर कदाचित."

"मी अवाक्षर काढूचंय नाय. ती आपणहून येतली आणि माकाच सांगतली, तिकिटां काढा म्हणान. लाव पैज, गो चेडवा."

पैज लागली. मी जिंकले तर काकांचा टू-इन-वन अख्खी सुट्टी माझा. तो टू-इन-वन म्हणजे काकांचा दुसरा प्राण होता, बोनसमधून घेतलेला, ते त्याच्यावर रुमाल घालून ठेवायचे. काका जिंकले तर मे महिनाभर बरणीची देखभाल मी करायची. मला तर ही पैज म्हणजे टू-इन-वन आंदण मिळाल्यासारखीच वाटली. एकटीच बसून त्याच्यावर मी काय काय टेप करणार, ह्याची उजळणीसुद्धा सुरू झाली माझी.

दोनच दिवसांनी सुनंदाताई आल्या. काकू दारात पाटावर होत्याच. त्यांच्या डोक्यावरून सुनंदाताई आत बघून म्हणाल्या, "भावोजी, आम्ही बायका काय म्हणतो, मे महिन्यात आमच्याकडे सगळ्या जमू. तुम्ही आम्हाला पाव शिकवा. क्लासच म्हणा ना. वहिनींना काय, त्यांना इथेच राहायचंय, पण तुम्ही गावाला जाल म्हणून विचारते होऽ."

काकांनी वेळ घेतला. रुमालाने चष्मा पुसला. नाकातून एक छोटा हुंकार सोडला, पण आनंदाचा, असा मी कधी ऐकला नव्हता. मग शुद्ध पुस्तकी मराठीत, जी त्यांनी भिंतीपलीकडून माझं इतिहासाचं पाठांतर ऐकूनच उचलली असावी, ते म्हणाले, "विचार करायला हरकत नाही. एक वर्ष गावी नाही गेलो तर काय बिघडतंय?"

सुनंदाताई गेल्या. काकूंनी पाट उचलला, दार लावलं. मी आमच्या भिंतीपाशी आले. मग फळीवरून बरणी उचलल्याचा आवाज, परत ठेवल्याचा आवाज.

"अहो."

"काय गो?"

"नेहरूनगरला कधी जाताय?"

"जाऊया कधीतरी. घाई कसली?"

"उद्या जा," काकू म्हणाल्या. "दोन काढा. खिडकीजवळची. ह्या बिल्डिंगमध्ये तुम्हाला महिनाभर त्या बायकांत सोडून मी काही गप्प बसायची नाही."

"आणि बरणीक कोण बघतला?"

"मरू दे ती बरणी!" काकू ओरडल्या. मग लगेच, अर्ध्या आवाजात, "म्हणजे, कुणाला तरी सांगा बघायला."

दुसऱ्या मिनिटाला आमच्या भिंतीवर काकांच्या बोटाची टकटक झाली. तीनदा, अगदी सावकाश. मी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांनी दारच गाठलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती दोघं रिक्षात बसून गेली. काकूंनी बरणी माझ्या हातात दिली आणि तिच्याकडे न बघता काकांचा शर्ट कॉलरीपाशी नीट केला. काकांच्या मांडीवर टू-इन-वन होता, रुमाल घातलेला, एरियल बाहेर काढलेली. रिक्षा वळली तेव्हा त्यांनी ती एरियल माझ्या दिशेने जरा वर उचलून दाखवली.